माडीची चौकट

ती घटना आठवायला मला काही प्रयास पडत नाहीत. घरात सांडगे तळायला घेतले की ती आपोआप आठवते. बायको म्हणायची, "सांडग्यांच्या वासानं लोकांना भूक लागते, तुम्हाला केस आठवते." खरं आहे ते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, देवळातल्या मूर्ती पळवणारे पाहिले. त्यातलं पुष्कळसं आता धूसर झालं. पण एका घराला माडी होती की नव्हती, एवढ्याच प्रश्नावर झालेला तो तपास अजून लख्ख आठवतो.

तेव्हा मी कुंभकोणम शहरात सब-इन्स्पेक्टर होतो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राजवटीत तंजावरकडे आले. राज्य खालसा होऊन इंग्रजांचा अंमल बसला, त्यालाही खूप काळ लोटला, आम्ही मात्र तिथंच राहिलो. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, कचेरीत इंग्रजी. माझं मराठी इकडच्या वाचकांना जुनाट वाटत असेल तर त्याला माझा इलाज नाही. या हकिकतीत मी कोणाचंच नाव घेणार नाही. माणसं गेली असतील, त्यांची नातवंडं आहेत.

चित्तिरै महिना होता, म्हणजे ऐन उन्हाळा. रथोत्सव तोंडावर आला होता आणि मी बंदोबस्ताच्या कामात गळ्यापर्यंत बुडालो होतो. रथाचे दोर तपासायचे, चाकांखाली घालायची लाकडं कोणाच्या हाती असतील ते ठरवायचं, खिसेकापूंना आधीच आत घ्यायचं. अशात सरकारी इस्पितळातून वर्दी आली की एका बांधकामावर गच्ची कोसळून एक मजूर बाई जखमी झाली आहे. मी हेडकॉन्स्टेबलला पाठवलं. आमच्याकडे हेडकॉन्स्टेबलला लोक एट्टय्या म्हणतात. आमचे एट्टय्या सावकाश चालणारे, सावकाश लिहिणारे आणि निवृत्तीला आलेले. त्यांनी वर न चढता खाली ढिगाऱ्यापाशीच पंचनामा केला, कंत्राटदाराचा जबाब घेतला. तुळई किडकी निघाली, गच्चीचा मागचा भाग खाली आला, अपघात. तसा कागद झाला आणि स्टेशन डायरीत नोंद झाली.

रथ निर्विघ्न पार पडला. दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात बसलो होतो, पाय सुजलेले, आवाज बसलेला. तेवढ्यात आमच्या समाजातल्या एक वृद्ध विधवा बाई काठी टेकत आल्या. सगळा गाव त्यांना अक्का म्हणे. विठ्ठलाच्या देवळात आमची नेहमी गाठ पडायची. त्यांचं घर त्या बांधकामाच्या मागच्या अंगाला, भिंतीला भिंत लागून होतं.

"बसा, अक्का. आज ठाण्यात कशा?"

त्यांनी पदराची गाठ सोडून माझ्या टेबलावर मूठभर सांडगे ओतले. "खाऊन बघ."

मी एक तोंडात टाकला. दाताखाली कचकन विटेचा चुरा आला.

"कळलें? रथाचे दिवशी अस्का गांव दोरास हात लावायास गेला," अक्का म्हणाल्या. अस्का म्हणजे सगळा. "माझे गुडघे चालत नाहींत म्हणोन मी एकली घरीं. गच्चीवर सांडगे घातिले. आणि त्या मेल्यांनी भिंत पाडायास घेतली! अस्का चुरा माझे सांडग्यांवर. रथाचे दिवशी कोणी कुदळ मारितो काय रे?"

"कुठली भिंत, अक्का?"

"वरची."

"त्या घराला वर काय आहे?"

"आतां काय असणार? पाडिलें ना!"

स्टेशन रायटरनं पेन उचलून मला हळूच विचारलं, सांडग्यांत विटेचा चुरा हे कुठल्या कलमाखाली लिहू. तो हसत होता. मला हसू आलं नाही. रथाच्या दिवशी त्या गावात दुप्पट मजुरी दिली तरी कोणी गवंडी थापीला हात लावत नाही. मग ज्यानं लावला त्याला मजुरीपेक्षा मोठी निकड असणार. चोरटं काम करणारा माणूस सहसा रात्र पाहतो. पण कुदळीचा आवाज रात्री चार गल्ल्या ऐकू जातो. रथाच्या दिवशी मात्र ढोल, नागस्वरम् आणि हजारो माणसांचा घोष चाललेला असतो, आणि गल्ल्या ओस असतात. ज्यानं हा दिवस निवडला तो गावातलाच होता आणि विचार करून वागत होता. फक्त गुडघे दुखणाऱ्या म्हातारीचा विचार त्यानं केला नव्हता.

अक्कांना टांग्यात बसवून घरी धाडलं आणि एट्टय्यांना घेऊन मी इस्पितळ गाठलं.

ती बाई तिशीतली असावी. उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला. नवरा पूर्वीच वारलेला, एक मुलगी बहिणीकडे. ती गच्ची ठोकण्याचं काम करायची. हे काम इकडच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे सागाच्या तुळयांवर उभ्या विटांचा थर चुन्यात बसवतात, त्यावर विटांची खडी आणि चुना घालतात. मग बायका ओळीनं बसून लाकडी थाप्यांनी तो थर दिवसचे दिवस ठोकतात. गूळ आणि हिरड्याचं पाणी शिंपडायचं, गाणं म्हणायचं आणि ठोकायचं. थर दगडासारखा होईपर्यंत हे चालतं. ओला असताना त्यावर भार टाकायचा नाही, हे शेंबडं पोरही जाणतं.

"मागचा भाग आम्ही ठोकत होतो, सामी," ती म्हणाली. "पुढचा भाग आधीच झाला होता. तिथं माडीची भिंत गुडघ्याएवढी आली होती. चौकट उभी केली होती, पूजा झाली होती. आणि माडीच्या विटा आणून रचल्या त्या आमच्या मागं, ओल्या गच्चीवर. आम्ही म्हटलं, भार होतोय. कंत्राटदार म्हणाला, तुम्ही आपलं गाणं म्हणा."

"पूजा तू पाहिलीस?"

"लांबून पाहिली. मी पडले विधवा. मला म्हणाले, विटांच्या मागं जाऊन उभी राहा, सावली पडायला नको. बाकीच्यांना विडा दिला, गूळ दिला." तिनं हे रागानं सांगितलं नाही, जसं घडलं तसं सांगितलं.

तिच्या उशाशी एक कागद होता. इस्पितळात येणाऱ्या एका तरुण वकिलानं फुकट लिहून दिलेला भरपाईचा अर्ज. कामावर जायबंदी झालेल्या मजुराला मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा तेव्हा नवानवाच आला होता. आमच्या ठाण्यात तो कोणी धड वाचलाही नव्हता. कंत्राटदारानं मात्र वाचला होता. रथाच्या आधीच त्याला वकिलाची नोटीस पोचली होती आणि त्याचं उत्तर रथाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झालं होतं. उत्तर एका वाक्याचं होतं. घर तळमजल्याचं आहे, म्हणून कायदा लागू नाही.

आणि हे बरोबर होतं. त्या वेळच्या कायद्यात घरबांधणीच्या मजुराला भरपाई मिळायची ती एकाहून अधिक मजल्यांचं घर असेल किंवा तसं बांधायचा बेत असेल तरच. बिनमाडीच्या घराची गच्ची अंगावर पडली तर ते तुमचं नशीब. पाय तेवढाच तुटतो, पण कायदा वेगळा. अक्कांच्या सांडग्यांत चुरा का पडला, ते मला त्या खाटेपाशी कळलं.

"कंत्राटदार येऊन गेला का?"

"आला होता. धर्म म्हणून काहीतरी देतो म्हणाला. कायद्यानं नाही. वर म्हणतो, तुझं काम तर बसून करायचं, पाय नसला म्हणून काय अडलं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बसून करायचं खरं. पण बसायला वर चढायचं कोणी?"

एट्टय्या लिहिता लिहिता थांबले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांनाही मुली होत्या.

तिथून आम्ही बांधकामावर गेलो. कंत्राटदार नम्र माणूस. कपाळाला भस्म, खांद्यावर इस्त्रीचं उपरणं, बोलणं साखरेत घोळलेलं. अशा माणसाला मी पहिल्यापासूनच बिचकून असतो. शिव्या देणारा आरोपी परवडतो, तो निदान थकतो. यानं आधी मला सावलीत बसवलं, शहाळं फोडून दिलं आणि नगरपालिकेचा परवाना पुढे केला. परवान्यात तळमजलाच होता. कागद चोख होता. गावात पुष्कळजण परवाना खालचा काढत आणि माडी मागाहून चढवत, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. पण कोर्टात कागद बोलतो.

"सार, माडी म्हणजे काय सुपारी आहे, खिशात लपवायला?" तो हसत म्हणाला. "वर जाऊन बघा ना."

मी वर गेलो. मागचा भाग कोसळून मोठं भगदाड पडलेलं. पुढचा भाग मोकळा, झाडूनपुसून ठेवलेला. विटांचा ढीग नाही, भिंत नाही, चौकट नाही. फक्त कडेकडेनं ताज्या गिलाव्याचा एक लांब पट्टा होता, अजून ओलसर आणि हात फिरवला तर खरखरीत. मी उपरण्यावाल्याला काही विचारलं नाही. तपासात दिसलेली प्रत्येक गोष्ट लगेच बोलून दाखवायची नसते.

गच्ची ठोकणाऱ्या बाकीच्या बायकांना त्यानं तिरुविडैमरुदूरकडे दुसऱ्या कामावर पाठवून दिलं होतं. एट्टय्या तिथं जाऊन आले. कोणी काही पाहिलं नव्हतं. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. थापी ज्याच्या कामावर पडते त्याच्याविरुद्ध तोंड उघडायला पोट आडवं येतं.

राहिला गवंडी. आमच्याकडे त्याला कोत्तनार म्हणतात. त्याला ठाण्यात बोलावलं, व्हरांड्यात बसवलं, कॉफी दिली. माडी नव्हती, भिंत नव्हती, मला काही ठाऊक नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे. आमच्या खात्यात अशा वेळी आवाज चढवणारे आणि हात उगारणारे पुष्कळ होते. माझा अनुभव असा की ठाण्यात न बोलणारा माणूस स्वतःच्या कामाच्या जागी बोलतो. मी त्याला घेऊन त्या गच्चीवर गेलो. कंत्राटदाराला खालीच थांबवलं.

"हा गिलावा तुझ्या हातचा?" मी त्या खरखरीत पट्ट्याकडे बोट दाखवलं.

त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"माझा हात असा चालत नाही, अय्या."

"मग कोणाचा?"

"मला काय ठाऊक?"

"या कामावर कोत्तनार तू एकटा. एट्टय्या, लिहा. हा गिलावा याच्याच हातचा आहे."

"लिहू नका, अय्या!" तो एकदम कळवळून म्हणाला. "उद्या गावात कोण काम देईल मला? असला गिलावा म्हशीच्या गोठ्यालाही कोणी करत नाही. रथाच्या दिवशी मी दोराला होतो, सगळ्या गल्लीनं पाहिलंय."

"रथाचं नाव मी अजून काढलं नाही," मी म्हटलं.

तो त्या पट्ट्याशेजारीच बसला. मग हळूहळू बोलू लागला. रथाच्या दिवशी भिंत पाडायला तो नाही म्हणाला होता, म्हणून कंत्राटदारानं बाहेरगावची माणसं आणली. विटांचे ढीग गाड्यांतून हलवले. घाईघाईनं कसाबसा गिलावा मारला. पण हे सगळं माझ्याजवळ बोलून झाल्यावर तो म्हणाला, "साक्ष मात्र मी देणार नाही. मला पोरंबाळं आहेत. तो मला या जिल्ह्यात थापी धरू देणार नाही."

आता माझ्यापाशी होतं काय? एका म्हातारीचे सांडगे, एका जायबंदी बाईचा जबाब आणि साक्ष न देणारा साक्षीदार. समोर नगरपालिकेचा शिक्का. मी जिना उतरायला लागलो. मागून कोत्तनार म्हणाला, "अय्या, भिंत पाडता येते. पूजा झालेली चौकट कोण पाडणार?"

मी पायरीवर थांबलो. एट्टय्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या दोघांच्याही घरांत चौकट बसवताना पूजा झाली होती, दोघांच्याही बायका उंबऱ्याला रोज हळदकुंकू लावत होत्या. आणि आम्ही दिवसभर विटा शोधत हिंडत होतो. उभारलेली चौकट आडवी करायची नाही, तोडायची नाही, जाळायची तर नाहीच, असं तिकडचे लोक मानतात. कंत्राटदारानं सगळं पुसलं असेल. पण चौकट कुठंतरी उभी असणार.

घराचा मालक तांब्यापितळेच्या भांड्यांचा व्यापारी होता. तपासात त्यानं आतापर्यंत एवढंच सांगितलं होतं की बांधकामातलं आपल्याला काही कळत नाही, सगळं कंत्राटदारावर सोपवलं आहे. झडतीचा हुकूम मागत बसलो असतो तर बातमी माझ्याआधी पोचली असती. म्हणून मी नुसता जबाब घ्यायच्या निमित्तानं त्याच्या राहत्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. त्यानं आदरानं ओसरीवर बसवलं, ताक मागवलं. मी म्हटलं, धुळीतून आलोय, जरा मागं जाऊन पाय धुतो.

"नको, नको, सार! इथंच पाणी आणवतो," म्हणत तो ताडकन उठला.

इतकी घाई पाहुणचाराची नसते. मी सरळ मागच्या दालनात गेलो.

ते त्याचं कोठार होतं. नाचियार्कोविलहून आलेल्या पितळी समया रांगेनं मांडलेल्या होत्या. आणि त्यांच्यामागे, खांबाला काथ्यानं बांधून, एक सागवानी चौकट उभी होती. लाकडांना हळद, कुंकवाची बोटं, वर आंब्याची वाळलेली पानं. तिच्यामागे नुसती भिंत होती. चौकट कुठंच उघडत नव्हती. पण तिच्यावर मल्लिगैच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, फुलांचा गजरा होता आणि तो त्याच सकाळचा होता.

"ही चौकट कसली?"

"जुनी आहे, सार. पडून असते इथं."

"पडून कुठं? उभी आहे. आणि जुन्या लाकडाला रोज फुलं वाहता?"

तेवढ्यात आतल्या दाराआडून त्याच्या बायकोचा आवाज आला. "तिच्या समोर खोटं बोलू नका."

ती बाहेर आली. थोराड, गोरीपान, कपाळभर कुंकू. नवऱ्याकडे न बघता माझ्याशी बोलली.

"माझ्या धाकट्याचं लग्न ठरलंय. त्याच्या संसाराची ही चौकट. मुहूर्तावर उभी केली, पूजा केली. मग हे आणि तो कंत्राटदार म्हणाले, सगळं पाडायचं. मी म्हटलं, भिंती पाडा, काय वाटेल ते करा. चौकट मला उभीच्या उभी घरी आणून द्या. ती आडवी झाली तर माझ्या पोराचा संसार आडवा होईल."

"कुठली चौकट ही, अम्मा?" एट्टय्यांनी पेन टेकवून विचारलं.

"माडीची," ती म्हणाली.

व्यापारी समयांच्या मधे खाली बसला. तो वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. कंत्राटदारानं त्याच्या मनात भरवलं होतं की कोर्टकज्जा झाला तर घराला बट्टा लागेल, मुलीकडचे लग्न मोडतील, आणि नाहीतरी प्रकरण थंडावलं की माडी पुन्हा चढवता येईलच. जखमी बाईचं काय, हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता आणि त्यानं स्वतःला विचारला नव्हता. मी विचारला, तेव्हा तो रडला. मला त्याच्या रडण्याचं फार कौतुक वाटलं नाही, पण त्यानं जबाब मात्र खरा दिला.

चौकट जप्त केली. ती आडवी न्यायची नाही, एवढी त्या माउलीची अट होती. एट्टय्यांनी ती बैलगाडीत उभी बांधली आणि गाडी बाजारातून ठाण्याकडे निघाली. रस्त्यावरचे लोक चपला काढून हात जोडत होते. कोणता उत्सव आहे, असं एकानं मला विचारलंसुद्धा. मुद्देमालाच्या खोलीचं छत ठेंगणं निघालं, म्हणून चौकट व्हरांड्यात उभी राहिली. व्यापाऱ्याच्या घरून रोज गजरा यायचा. स्टेशन रायटरनं पुन्हा तोंड वेंगाडून विचारलं, मुद्देमालात रोज भर पडते, ती नोंदवायची का? त्याला मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चौकट ठाण्यात आल्याचं कळल्यावर कोत्तनार आपण होऊन आला. आता लपवण्यासारखं राहिलंच काय, म्हणाला, आणि अंगठा उठवून गेला. कंत्राटदाराला बोलावलं. तो तसाच नम्र होता. शहाळी घेऊन आला होता. चौकट पाहिल्यावर ती शहाळी कुठं ठेवावीत ते त्याला कळेना.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, करवत लावा," तो पुटपुटला. "सुतारानं ऐकलं नाही."

"तुम्ही स्वतः का लावली नाही?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला आईवर हात टाकायला सांगितलं होतं. ओल्या गच्चीवर विटा रचायला तो कचरला नव्हता. पाय तुटलेल्या बाईचा हक्क बुडवायला कचरला नव्हता. लाकडाच्या चौकटीला करवत लावायला कचरला. मी त्या माणसाचा विचार नंतर पुष्कळ केला. त्याची श्रद्धा खोटी नव्हती. ती लाकडापाशी सुरू होऊन लाकडापाशीच संपत होती.

निष्काळजीपणानं जबर दुखापत केल्याचा आणि पुरावा नाहीसा केल्याचा खटला मॅजिस्ट्रेटपुढे चालला आणि त्यात त्याला शिक्षा झाली. पण बाईच्या दृष्टीनं महत्त्वाची होती ती भरपाईची सुनावणी. ती तंजावरला झाली. चौकट आगगाडीनं नेली, तीही उभी. भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिशनरसाहेबांनी ती कचेरीच्या व्हरांड्यात पाहिली, भोवती एक फेरी मारली आणि कारकुनाला म्हणाले, हा माझ्यापुढे आलेला सगळ्यात उंच साक्षीदार आहे.

अक्काही साक्षीला आल्या होत्या. कंत्राटदाराच्या वकिलानं त्यांना घेरायचा प्रयत्न केला.

"तुम्ही स्वतः माडीची भिंत पाहिली का?"

"नाहीं. पाडितां ऐकिली."

"पूजेला हजर होता का?"

"विधवेस कोण बोलावितो?"

"मग वर पूजा झाली हे कशावरून सांगता?"

"घंटा वरोन वाजली. खालोन वाजली असती तर माझे स्वयंपाकघरांत ऐकूं आली असती. बोलाविलें नाहीं म्हणोन तर कान लावोन बसले होते, बाबा!"

वकील खाली बसला. घर माडीचं बांधायचा बेत होता आणि कायदा लागू आहे, असा निर्णय झाला. भरपाई बाईच्या पदरात पडली. फार मोठी नव्हती, पण ती धर्म म्हणून मिळाली नव्हती.

या केसनं मला काय शिकवलं, असं मुलं विचारतात. पुढे नव्या पोरांना शिकवताना मी एक गोष्ट नेहमी सांगायचो. एखाद्या घरात काय घडलं ते कळायला हवं असेल, तर पाटावर बसलेल्यांना नंतर विचारा. ज्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं त्यांना आधी विचारा. मानाचे पाहुणे जेवणाकडे बघत असतात. बाहेर ठेवलेला माणूस सगळं बघतो, कारण त्याला दुसरं काही करू दिलेलं नसतं. त्या पूजेतून दोन विधवांना वगळलं होतं. एक विटांच्या मागे उभी होती, एक भिंतीपलीकडे. आमचा खटला त्या दोघींनी उभा केला.

निर्णय झाला त्या दिवशी मी कागद गोळा करून व्हरांड्यात आलो. ती बाई कुबड्यांवर उभी होती. चौकटीपासून हातभर अंतर राखून. तिथं तिला कोणी अडवलं नव्हतं, तरी ती थांबली होती. मला पाहून म्हणाली, "सामी, सगळं झालं ना? आता तरी हात लावू का?"

"ए बाई, मुद्देमालाला हात लावू नको!" कचेरीचा शिपाई ओरडला.

मी त्याला गप्प राहायला सांगितलं आणि तिला म्हटलं, "लाव."

तिनं कुंकवाच्या बोटांजवळ तळवा टेकवला. जरा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं पदर खोचला. आमच्याकडे नव्या घराच्या चौकटीतून पहिल्यांदा जाताना उजवा पाय आधी टाकतात. तिनं उजवीकडची कुबडी आधी टाकली आणि चौकटीतून पलीकडे गेली.